आसरांचा कोनाडा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती, म्हणून तिथंच राहिलं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजूनही नीट कळत नाही. हात थरथरतो त्यामुळे ओळ वर चढत जाते, आणि पान संपताना मी कोपऱ्यात लिहीत असते. कुणाच्या हाती हे पडलंच तर तेवढं पोटात घालावं. तोंडानं मी आयुष्यभर फार कमी बोलले. ज्या गोष्टीबद्दल लिहिणार आहे ती तर बायका एकमेकींतसुद्धा अर्धीच बोलतात, उरलेली अर्धी हातानं दाखवतात किंवा गिळतात.

माझं माहेर इस्लापूरकडचं. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा. दळताना, जेवताना, भांडतानासुद्धा तो मागं असायचाच. लग्न होऊन उदगीरजवळच्या खेड्यात आले तेव्हा पहिला आठवडा मला झोप लागली नाही, कारण तिथं काहीच वाहत नव्हतं. माझं वय वीसच्या पुढं गेलेलं होतं आणि एवढी घोडनवरी कुठून आणली म्हणून शेजारणी पदराआड हसत. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उदगीरच्या स्टॅण्डवर कमान घातली होती, पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिलं होतं आणि त्या पुसलेल्या अक्षरांची सावली तशीच दिसत होती. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याला ओळखत नसावा. आदल्या साली थोडा पडला, माझ्या लग्नाच्या साली नुसते ढग येऊन गेले.

घर माळवदाचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं छत, आत दुपारीही कंदील लावावा एवढा अंधार. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. थोरली जाऊ शेवंता, तिला मी अक्का म्हणायचे. थोरले दीर हैदराबादेला बांधकामावर होते, वर्षातून दोनदा येत. आणि आमचे हे. हे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचे. पण त्या साली मोंढ्यात पोतीच येईनात, म्हणून रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला आम्ही दोघंही जात होतो. सकाळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा, रात्री हुलग्याचं माडगं. माडग्यात आत्याबाई येसर, भाजून दळलेला मसाला, घालायच्या, तेवढाच वास घराला असायचा. टँकरचं पाणी यायचं त्याला गंजाची चव होती. ते पाणी आधी माणसं प्यायची, मग म्हैस, मग उरलं तर भांडी. अंग धुणं हा सणाचा विषय झाला होता. खडीच्या कामावर आडोसा म्हणून एक झाड नव्हतं, त्यामुळे आम्ही बाया सकाळपासून पाणीच पीत नसू. प्यायलं तर जायचं कुठं?

घरामागं एक जुनी बारव होती. खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि वरच्या काठावर निंबाखाली शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा. पाण्यातल्या बाया. माझ्या माहेरीही आसरा होत्या, पण तिथं पाणी एवढं होतं की त्यांचा आणि आमचा संबंध येत नसे. इथं मात्र रोज त्यांचं नाव निघायचं. बारवेचं पाणी खाली जाऊ लागलं तसं एक एक पायरी उघडी पडत गेली. एके दिवशी अशी पायरी दिसली की आत्याबाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "ही म्या कधी बघितली न्हाई. माझ्या सासूनं बी बघितली न्हाई." त्याच्याही खाली भिंतीत कोनाडे निघाले. प्रत्येक कोनाड्यावर दगडात कोरलेली बाई होती आणि पाण्यानं सगळ्यांची तोंडं पुसून टाकलेली होती. अंगावरचे दागिने दिसायचे, हातातलं कमळ दिसायचं, तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत दगड. शेवटी तळ उघडा पडला, चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या, आणि गावात बाया विचारू लागल्या की पाणी गेलं, मग त्या कुठं राहून राहिल्या?

"कुठं जातील?" अक्का भाकरी थापता थापता म्हणाली. "जिथं बाया लई, तिथं जातील. आपल्या घरात तिघी हावोत."

"काहून घाबरवता हो," मी म्हणाले.

"काहून!" अक्कानं हात थांबवला. "आत्याबाई, ऐकलं का? काहून म्हणती ही. अगं, इथं कामून म्हणावं. आसरांना तुझं काहून कळणार न्हाई, त्या उदगीरच्या हायेत."

आत्याबाई हसल्या नाहीत. त्या कधी उकिडव्या बसत नसत, एका मांडीवर कलून बसत आणि उठताना भिंत धरत. मला वाटायचं, वयाचं असेल.

आता जे सांगायचं त्याला शब्द नाहीत, तरी सांगते. महिन्याच्या दिवसांत आम्ही जुन्या लुगड्यांचे तुकडे वापरायचो. घरात त्यांचं एकच गाठोडं होतं. कुणाचं कोणतं असा हिशोब नव्हता, उलट तसा हिशोब ठेवणं म्हणजेच लाज. हाताला येईल तो तुकडा घ्यायचा. एरवी ते धुऊन गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं वाळत घालत. त्या साली कडबा संपला, गोठा उघडा पडला, रस्त्यावरनं जाणाऱ्याला म्हशीच्या पलीकडचं सगळं दिसायचं. तेव्हा अक्काला बारवेचा कोनाडा सुचला. आसरांच्या जागेत पुरुष उतरत नसत. उतरला तर त्याची नजर जाते म्हणत. म्हणजे त्या साऱ्या गावात पुरुषाची नजर न पडणारी ती एकच जागा होती. आम्हाला ती फार सोयीची वाटली. तांब्याभर पाणी, मूठभर राख, तेवढ्यावर तुकडे चोळायचे, पिळायचे, आणि खालून तिसऱ्या पायरीशेजारच्या कोनाड्यात, त्या तोंड पुसलेल्या बाईच्या पायाशी, एकावर एक घालून ठेवायचे. तिथं ऊन कधीच पोचत नव्हतं.

तुकडे आणायला मी बाराच्या सुमाराला जायची, कारण तेव्हा गाव सावलीत पडलेलं असायचं. पण बारा हीच आसरांची वेळ. वरती डोळे फुटतील एवढं ऊन, आणि तीन पायऱ्या उतरलं की अंगावर काटा येईल असा गारवा. खाली पारवे घुमायचे. ते कुठं बसलेत ते दिसायचं नाही, आवाज मात्र भिंतीतून आल्यासारखा यायचा, पोटातून निघाल्यासारखा. आणि कधी कधी पारवे एकदम गप्प व्हायचे. तेव्हा मला खाली पाणी हलल्याचा आवाज ऐकू यायचा. तळ कोरडा, खपल्या निघालेला, मी डोळ्यांनी बघत उभी असायची, आणि तरी पायरीवर कुणी पाय बुडवून बसावं तसा आवाज. माहेरच्या धबधब्याची कानाला सवय होती म्हणून तसं वाटत असेल, असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणता येत नव्हतं. आजही, खरं सांगायचं तर, पुरतं म्हणता येत नाही.

लग्नानंतर दोनतीन महिन्यांतच मला त्रास सुरू झाला. खाज, जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, लघवीला बसलं की निखारा ठेवल्यासारखं. अक्कालाही होतं. ती म्हणायची, "हे बायांचं आसतंच. पांढरं जातंय म्हून कुणी मरत न्हाई, तू गप." पण अक्काचा नवरा हैदराबादेला होता. माझे इथं होते. रात्री हे जवळ आले की माझं अंग लाकडासारखं व्हायचं. मी नको म्हणत नव्हते, मला नको म्हणता येतच नव्हतं. अंगच नको म्हणायचं. मांड्या आपोआप आवळायच्या, दात बसायचे, आणि सुरीनं चिरावं तशी कळ यायची. एकदा मी ओरडले. तो आवाज माझा नव्हता, कुणातरी म्हाताऱ्या बाईचा होता, असं यांनी दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना सांगितलं. त्यानंतर हे माळवदावर जाऊन झोपू लागले. तापट माणूस नव्हता. मला भीत होता. अंगणात समोरासमोर आलो तर वाट सोडून उभा राहायचा.

उन्हाळा लागता लागता एके दुपारी मी कोनाड्यातून तुकडा उचलला आणि माझ्या हातातच तो हलला. त्याला केस आले होते. बारीक, पांढरे, उभे केस, म्हातारीच्या हनुवटीवर असतात तसे, पण सगळ्या कापडावर. मी श्वास सोडला की ते एका बाजूला वाकायचे, घेतला की परत उभे राहायचे. कापड गार होतं आणि ओल्या मातीचा, आंबलेल्या ताकाचा वास येत होता. मी वर बघितलं. त्या दगडी बाईला तोंड नव्हतं, पण मला वाटलं ती बघतेय. पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही.

अक्कानं तो तुकडा बघितला आणि बोंब मारली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावातून चंद्राबाई आली. तिच्या अंगात आसरा येत. ही बाई मोठ्या आवाजाची असेल असं मला वाटलं होतं, पण ती पुटपुटायची, आणि तेच जास्त भयंकर होतं. माझ्याजवळ येऊन तिनं माझा वास घेतला, म्हशीचा घ्यावा तसा.

"धाकली हाय," ती म्हणाली. "सातीतली धाकली. घर कोरडं पडलं म्हून हिच्यात येऊन बसली. केस वाळत घातलेत तिनं. नवरा शिवलेला तिला खपत न्हाई."

"मग ग बाई?" अक्का पदर तोंडावर धरून म्हणाली.

"जागा सोडायला लावू. तिला झोंबंल असं कायतरी ठिवू."

तिनं तुरटी आणि निळ्या मोरचुदाची कपड्यात बांधलेली पुरचुंडी केली आणि ती कुठं ठेवायची ते सांगितलं. मी ठेवली. ठेवू नये असं मला वाटलंच नाही. पहिल्या दिवशी भाजल्यासारखं झालं. चंद्राबाई म्हणाली, ती ओरडून राहिली, निघायला लागलीय. दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि मी बडबडू लागले. छतातून पाणी ठिबकतंय, कुणीतरी भांडं लावा, असं म्हणत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी अक्काला बाहेर घालवलं, दार लावलं, कंदील जवळ घेतला आणि माझं लुगडं बाजूला केलं. मग पुरचुंडी काढून चुलीत टाकली आणि पिण्याची राखून ठेवलेली आख्खी घागर आणून माझ्यावर थोडी थोडी ओतली. त्या साली कुणी कुणासाठी घागर रिकामी करत नव्हतं.

"आसरा आशा भाजत न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या.

पण पुरुषांचं ठरून गेलं होतं. यांचे चुलते आले, ओट्यावर बसले आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलले, "आकितीच्या सणाआत पोरगी बघू दुसरी. हिला माहेरी घालून या. बाधा झालेली बाई घरात ठिवून वंश बुडवायचा का?" हे खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. चंद्राबाईचा निरोप होता की ही वाहत्या पाण्याची पोर आहे, हिला माहेरी नेऊन तो केसाचा कपडा सहस्रकुंडात सोडा, म्हणजे धाकली तिथं राहील आणि हे घर सुटेल. माझ्याबद्दल त्या निरोपात काही नव्हतं. मी पिशवीत दोन लुगडी, फणी आणि कागदात गुंडाळलेला तो तुकडा घातला. अक्का निघताना रडली आणि म्हणाली, "तिकडं गेल्यावर काहून म्हण बिनधास्त."

आत्याबाई मला पोचवायला निघाल्या. उदगीरच्या स्टॅण्डवर नांदेडची गाडी लागली होती. मी पिशवी काखेत मारून तिच्याकडे चालू लागले. ती गाडी सुटली की मी कायमची सुटणार होते, हे मला ठाऊक होतं, आणि मनात एवढंच येत होतं की आईला काय सांगू. आत्याबाईंनी मागून माझा दंड धरला.

"तिकडं न्हाई. ह्याच्यात बस."

ती लातूरची गाडी होती.

गाडीत बऱ्याच वेळानं त्या बोलल्या, खिडकीकडं तोंड करून, म्हणजे माझ्याकडं बघावं लागू नये. लातूरच्या सरकारी दवाखान्यात आता बाई डॉक्टर आली आहे. शेणाच्या गोवऱ्या आणि म्हशीचं तूप विकून त्यांनी पैसे साठवले होते, ते कुणालाही माहीत नव्हते. कनवटीची गाठ त्यांनी मला हात लावून दाखवली. "हे घरचे न्हाईत. माझे हायेत. म्या माझ्यासाठी ठिवले व्हते."

"तुम्हाला काय झालंय?"

"धाकल्याच्या बाळंतपणापसून अंग खाली येतंय. पिशवी. बसलं की हाताला लागती. आत ढकलायची आन् कामाला लागायचं." धाकला म्हणजे आमचे हे. माझा नवरा जितक्या वर्षांचा, तितकी वर्षं ही बाई कलून बसत होती. "आपरेशन लागतंय म्हन्ले व्हते उदगीरचे. दहा दिस ऱ्हावं लागतंय. पर तुझ्यापुढं समदं आयुष्य हाय, म्हून आधी तू. फुकट न्हाई देत. फेडायचे मला. पै न् पै."

"हाव," मी म्हणाले.

दवाखान्यात बायांची रांग भिंतीला लागून बसली होती आणि कुणीच कुणाला काय होतंय ते विचारत नव्हतं. माझा नंबर आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पुण्याकडचं बोलत होत्या. "काय त्रास होतोय?" मी पिशवी छातीशी धरली. "पोटात दुखतं? पाळी येते का नियमित? अहो, बोला. मला बाहेर चाळीस बायका आहेत." शेवटी मी पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. बोलता येत नाही तर निदान जी त्रास देतेय तिचे केस तरी दाखवावेत, असं मला वाटलं.

बाईंनी कागद उघडला. ओरडल्या नाहीत. तुकडा चिमट्यानं धरून खिडकीपाशी नेला आणि उन्हात धरला. अंधारात उभे राहणारे ते केस उन्हात अगदी बापुडवाणे दिसू लागले, मळकट कापसासारखे.

"हे काय म्हणून आणलंत?"

"आसरांचे केस," आत्याबाई मागून म्हणाल्या.

बाई हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. "ही बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर धरते ना, तीच जात. हे कुठं वाळत घालता तुम्ही?" आत्याबाईंनी सांगितलं. बारव, कोनाडा, राख, तांब्याभर पाणी, एक गाठोडं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मला टेबलावर झोपवून तपासलं आणि मोरचुदानं भाजलेलं बघून त्या अशा काही बोलल्या की मला वाटलं आता आम्हाला हाकलणार. पण तो राग माझ्यावर नव्हता. हात धुऊन त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. ते मला आजही जवळपास तसंच आठवतं. दमट कापडानं जंतू धरले. एकीचे दुसरीला गेले, कारण गाठोडं एक. दिवसभर पाणी न पिता लघवी दाबून धरली, त्यानं जळजळ वाढली. आत जखम असताना नवरा जवळ आला म्हणून कळ आली. कळेची भीती बसली, आणि भ्यालेलं अंग स्वतःला आवळून घेतं, डोळ्यात काही जाताना पापणी मिटते तसं. "पापणीला तुम्ही सांगता का मीट म्हणून? नाही ना? मग यात तुमचा दोष नाही, आणि कुणी बाईही बसलेली नाही तुमच्यात. तुम्हीच आहात."

तुम्हीच आहात. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट भीती वाटली. इतके दिवस अंगात कुणीतरी होतं, आता एकदम आत कुणीच नव्हतं, मी एकटी.

औषधं दिली. पूर्ण बरं होईपर्यंत नवऱ्यापासून लांब. बरं झाल्यावरही घाई नाही, तेल लावून, थांबून, दुखलं की थांबायचं. तुकडे उकळून घ्यायचे, प्रत्येकीचे वेगळे, आणि उन्हात वाळवायचे. आत्याबाई म्हणाल्या, "उकळाया पानी कुठलं बाई? प्यायला न्हाई."

"मग ऊन तर आहे ना? या जिल्ह्यात सध्या तेवढंच आहे. कडक वाळवा."

आणि शेवटी त्यांनी एक वेगळी पुडी काढली. "ही तुमच्या मिस्टरांसाठी. त्यांनीही घ्यायची, नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि परत तेच होईल." मग आत्याबाईंकडं बघून, "तुमचं काय? बसायला त्रास होतोय तुम्हाला." मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. "मला काई न्हाई," त्या म्हणाल्या.

परत आलो तेव्हा चुलते ओट्यावरच होते. आत्याबाई त्यांच्यापुढून मला घरात घेऊन गेल्या आणि दारातून म्हणाल्या, "भावजी, पोरगी बघू नका. सून बरी व्हऊन राहिली." चुलते म्हणाले, वहिनी, बाधा काय गोळीनं जाती का. आत्याबाई म्हणाल्या, "पाऊस पडंस्तवर थांबा. न्हाई गेली तर तुम्ही म्हनाल ते." म्हणजे माझ्याकडं तेवढीच मुदत होती, आणि पाऊस केव्हा पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी कोनाड्यातलं सगळं काढून जाळलं. एक जुनं लुगडं फाडून तीन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी खुणा घातल्या आणि धुतलेले तुकडे माळवदावर, भर उन्हात, गावाच्या डोळ्यांपुढं घातले. वरून एक विरलेलं पातळ टाकलं होतं, पण वाऱ्यानं ते कितीदा उडायचं. अक्का खाली अंगणात कपाळाला हात लावून उभी. "अगं माय! आख्ख्या गावाला झेंडे दावून राहिल्या का? इलेक्शन हाय का आपल्या घरी?" दोनच महिन्यांत तिची खाज गेली आणि तीच पातळ सरकलं का नाही ते बघायचं सोडून तुकडे सारखे करायला वर चढू लागली. माझी नात आता दुकानातून आणते, ते दुकानदार अजूनही काळ्या पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून देतो. ती पिशवी बघितली की मला तो कोनाडाच दिसतो.

यांची पुडी मी तशीच ठेवून दिली होती. सांगायचं कसं? दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भाकरीशेजारी ठेचा, ठेच्याशेजारी एक गोळी ठेवली आणि चुलीकडं तोंड करून बसले.

"हे काय?"

"तुमचं हाय."

"मला काय झालंय?"

"मला झालं तेच."

मी वळून बघितलं तर हे मागच्या दारातून बारवेकडं बघत होते, तोंड पांढरं पडलेलं. "मला बी धरलं का त्यांनी?"

"न्हाई हो. बुरशी हाय. भाकरीवर येती ती."

त्यांनी ताटातली भाकरी उचलली, उलटी करून बघितली, परत ठेवली. मग गोळी तोंडात टाकली आणि ती कडू लागली असावी, कारण लहान पोरासारखं तोंड करून म्हणाले, "गूळ दे." घरात गूळ नव्हता. मी हसले. आमच्या लग्नानंतर मी यांच्यासमोर हसले ती पहिली वेळ. त्या रात्री हे वर गेले नाहीत, दाराशी आडवे झाले, आणि अंधारातून विचारलं, "लई दुखायचं का?" मी हाव म्हणाले. "मग सांगायचं न्हाई का?"

पाऊस त्या साली उशिरा आला, आणि तो येण्याआधी मी बरी झाले होते. आधी जखम भरली. भीती जायला त्याहून फार जास्त दिवस लागले. मी थांब म्हटलं की हे थांबायचे. माझ्या अंगाला ते हळूहळू पटत गेलं. चुलत्यांनी दुसऱ्या पोरीचं नाव परत काढलं नाही. बारवेत पाणी चढलं, तोंड नसलेल्या बाया एक एक करून बुडाल्या, आणि गाव म्हणालं, आसरा घरी आल्या. चंद्राबाईनं ते आपल्या नावावर जमा केलं.

मी मात्र देणेकरी होते. रस्त्याची मजुरी घरात जायची, ती माझी नव्हती. उदगीरच्या बायांसाठी वाकळी शिवायला घेतल्या, एकेका वाकळीचे पैसे अक्काच्याही नकळत आत्याबाईंच्या हाती देत गेले. त्या पैसे घ्यायच्या, कनवटीला लावायच्या, राहिले किती ते सांगायच्या. एकदाही राहू दे म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा कधी कधी राग यायचा. मला दिवस गेले, मुलगी झाली, तिच्या बारशालाही त्यांनी माझ्याकडून हप्ता घेतला. आणि त्याच साली त्यांना भिंत धरूनही उठता येईना.

शेवटचे पैसे दिले त्या दिवशी त्या दारात पाय लांब करून बसल्या होत्या. मांडीवर सगळे ओतले, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. दोनदा मोजले.

"फिटले का?" मी विचारलं.

"फिटले. समदे." त्यांनी गाठ बांधली, पण कनवटीला लावली नाही. हातातच धरून बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्याची पहिली गाडी कितीची हाय लातूरला? तूच बोल तिथं माझ्या वतीनं. मला बोलता यायचं न्हाई."